माणसाआधी पृथ्वीवर कुणी कारखाने चालवले असते, तर आज आपल्याला कळलं असतं का?

समुद्राच्या तळाशी सापडलेला 'रस्ता', करवतीने कापल्यासारखे दिसणारे सरळसोट दगड, खडकाच्या पोटात अडकलेला यंत्राचा भाग. असे व्हिडिओ दर काही महिन्यांनी नव्याने फिरतात आणि त्यांच्याखाली एकच प्रश्न विचारलेला असतो: आपल्याआधी इथे कुणी प्रगत होतं का? पुष्कळ जाणकार हा प्रश्न हसण्यावारी नेतात. मला ते बरोबर वाटत नाही. त्या व्हिडिओंमधली उत्तरं चुकीची असतील, पण प्रश्न फार चांगला आहे. त्याच्या मागे लागलं की काळ म्हणजे किती प्रचंड गोष्ट आहे, खडक काय जपून ठेवतात आणि काय पुसून टाकतात, हे सगळं ओघानेच समजत जातं.

शिवाय हा प्रश्न गंभीर शास्त्रज्ञांनीही विचारलेला आहे. ॲडम फ्रँक हे अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ. परग्रहांवर संस्कृती असतील तर त्याही आपल्यासारखं स्वतःचं हवामान बिघडवतील का, याची चर्चा करायला ते नासाच्या न्यूयॉर्कमधल्या गोडार्ड संस्थेत हवामानशास्त्रज्ञ गॅव्हिन श्मिट यांच्याकडे गेले. बोलता बोलता श्मिट यांनी त्यांना अडवून विचारलं, की आपल्याच ग्रहावर अशी संस्कृती याआधी होऊन गेली नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? फ्रँक यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यातून २०१८ साली दोघांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला. त्यातल्या कल्पनेचं नाव 'सायल्युरियन गृहीतक'. हे नाव १९७० च्या एका ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतल्या, माणसाआधी पृथ्वीवर राहून गेलेल्या काल्पनिक सरपटणाऱ्या प्राण्यांवरून घेतलेलं आहे.

अशी संस्कृती होऊन गेली, असं त्या दोघांचं म्हणणं नाही. तसं त्यांना वाटत नाही हे त्यांनी निबंधातच स्पष्ट लिहिलं आहे. त्यांचा प्रश्न वेगळा होता: समजा होऊन गेली असती, तर खडकांत तिची खूण कशी दिसली असती?

## आधी 'प्रगत' कुणाला म्हणायचं

इथे 'प्रगत' हा शब्द एका ठरावीक अर्थानेच वापरायला हवा. मोठ्या प्रमाणावर इंधन जाळणारी, धातू खणून काढणारी, हवा, पाणी आणि माती यांची घडण बदलून टाकणारी, म्हणजे औद्योगिक संस्कृती. असं का? कारण हीच संस्कृती मोजता येईल अशी खूण मागे ठेवते. एखादा प्राणी दहा लाख वर्षं समुद्रकाठी बसून सुंदर गाणी गात असेल, नात्यागोत्यात रमत असेल, ताऱ्यांच्या गोष्टी सांगत असेल, तर त्याच्याबद्दल खडक आपल्याला काही सांगू शकत नाही. ही मर्यादा मनाला लागते खरी, पण ती मान्य करूनच पुढे जावं लागतं.

## साडेचार हजार पानांचं पुस्तक

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. हा आकडा नुसता ऐकून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून एक पुस्तक कल्पू. एक पान म्हणजे दहा लाख वर्षं. पुस्तक झालं ४,५४० पानांचं.

या पुस्तकात गुंतागुंतीचे प्राणी दिसायला लागतात ते शेवटच्या ५४० पानांत. डायनोसॉर शेवटून ६६ व्या पानावर संपतात. आपली माणसाची जात सुमारे तीन लाख वर्षं जुनी, म्हणजे शेवटच्या पानाचा खालचा एक तृतीयांश भाग. आता त्या पानावर तीस ओळी आणि ओळीत साठ अक्षरं धरा. एक अक्षर साधारण साडेपाचशे वर्षांचं होतं. वाफेच्या इंजिनापासून आजपर्यंतचा आपला सगळा औद्योगिक काळ म्हणजे पुस्तकाचं शेवटचं अर्धं अक्षर.

तेव्हा प्रश्न असा होतो: ४,५४० पानांत कुठेतरी असंच एखादं अर्धं अक्षर लिहून पुसलं गेलं असेल, तर ते वाचता येईल का?

सुरुवातीची पानं मात्र बाजूला ठेवता येतात. धातू वितळवायचा तर आग हवी. आगीला हवेत पुरेसा ऑक्सिजन हवा आणि जळायला जमिनीवर वाढलेल्या वनस्पती हव्यात. वणव्याच्या कोळशाचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्याआधी जमिनीवर नीट आग लागल्याचा पुरावाच नाही, मग भट्टी कुठली पेटणार? ४३ कोटी वर्षांपूर्वीचा हा काळ सायल्युरियन म्हणूनच ओळखला जातो. मालिकेतलं नाव नकळत योग्य जागी पडलं म्हणायचं. तर शोधायची पानं उरली शेवटची ४३०.

## शहरं कुठे जातात

इथे बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. 'इमारती, रस्ते, धरणं कधीतरी सापडलीच असती की!'

नसती. पृथ्वीची कातडी सतत बदलत असते. पाऊस, वारा, नद्या आणि बर्फ जमीन खरवडून समुद्रात नेऊन टाकतात. समुद्राचा तळही कायमचा नाही. भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे प्रचंड तुकडे, एका बाजूला नवा तळ तयार करतात आणि दुसऱ्या बाजूला जुना तळ पोटात ओढून घेतात. म्हणून आजचा समुद्रतळ बहुतेक ठिकाणी १८ कोटी वर्षांपेक्षा जुना नाही. जमिनीवर, अगदी उघड्यावर, मोठ्या प्रमाणात टिकून राहिलेला सर्वांत जुना पृष्ठभाग इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात आहे. त्याचं वय फक्त १८ लाख वर्षं, म्हणजे आपल्या पुस्तकातली दोनसुद्धा पानं नाहीत. त्याहून जुनं जे काही आहे ते गाडलं गेलं आहे, दुमडलं गेलं आहे, नाहीतर पूर्ण झिजून गेलं आहे.

त्यात आजची आपली शहरं पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी भागावर आहेत. कोट्यवधी वर्षांनी कुणी चार ठिकाणी खडक फोडून पाहिला, तर आपलं एखादं शहर हाती लागण्याची शक्यता किती उरेल, याचा विचार करून पाहा.

## हाडं तरी सापडतील ना?

डायनोसॉरची सापडतात, मग यांची का नाही, ही शंका रास्त आहे. पण डायनोसॉरचाच हिशेब जरा जवळून पाहू. टायरनोसॉरस रेक्स हा मांसाहारी डायनोसॉर सर्वांच्या ओळखीचा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अंदाज बांधला, की ही जात साधारण २४ लाख वर्षं टिकली आणि तेवढ्या काळात तिचे सगळे मिळून सुमारे अडीच अब्ज प्राणी होऊन गेले. त्यांतले आज आपल्या हाती किती? प्रौढ प्राण्यांचे काही डझन सांगाडे. त्या अभ्यासाच्या हिशेबाने आठ कोटी प्राण्यांमागे एक. नंतरच्या अभ्यासांनी हे आकडे खाली-वर केले, पण चित्र बदललं नाही: जीवाश्म होणं हा अपवाद आहे. मेलेला प्राणी लगेच गाळाखाली गाडला जायला हवा, त्याच्या हाडांची जागा खनिजांनी घ्यायला हवी, तो थर कोट्यवधी वर्षं शाबूत राहायला हवा आणि पुन्हा उघडा पडून कुणाच्या तरी नजरेस यायला हवा.

चोवीस लाख वर्षं जगलेल्या जातीची ही कथा. एखाद्या जातीची औद्योगिक अवस्था तीनशे किंवा पाच हजार वर्षांचीच असेल, तर नेमक्या त्या अवस्थेतली हाडं सापडणं म्हणजे गाठ पडलीच तर पडली.

## वस्तू विसरा, रसायन शोधा

म्हणून श्मिट आणि फ्रँक यांनी वस्तूंचा नाद सोडला. घर पडलं, माणसं गेली, तरी चुलीची राख मातीत मिसळलेली असते. ती राख शोधायची. आणि ती साऱ्या पृथ्वीवर पसरलेली असायला हवी.

अशी राख सापडू शकते याचा भक्कम दाखला आपल्याकडे आहे. इटलीत गुब्बिओ गावाजवळ चुनखडीच्या खडकात सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर आहे. खालच्या चुनखडीत समुद्री सूक्ष्मजीवांची भरपूर कवचं; वरच्या चुनखडीत त्यांतल्या बहुतेक जाती गायब. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ, त्यांचे चिरंजीव वॉल्टर आणि त्यांचे दोन सहकारी यांनी या मातीचं पृथक्करण केलं, तेव्हा तिच्यात इरिडियम हा धातू नेहमीच्या सुमारे तीसपट निघाला. इरिडियम पृथ्वीच्या कवचात अगदी दुर्मीळ, अशनींमध्ये मात्र पुष्कळ. १९८० साली त्यांनी मांडलं की ६.६ कोटी वर्षांपूर्वी एक प्रचंड अशनी आदळला. त्याचं विवर मेक्सिकोत जमिनीखाली गाडलेलं आहे हे पुढे अकरा वर्षांनी नक्की झालं. एका दिवसातली घटना, एक सेंटिमीटर माती आणि ६६ पानं मागे जाऊनही ती वाचता आली.

आपली राख कशाची असेल? सर्वांत ठळक खूण कार्बनची, आणि ती समजायला एकच शब्द लागतो: समस्थानिक. एकाच मूलद्रव्याचे, वजनाने किंचित वेगळे असलेले अणू म्हणजे त्याची समस्थानिकं. पिशवीत सारख्याच रंगाचे शंभर मणी आहेत, त्यांतला जेमतेम एक थोडासा जड आहे, असं समजा. निसर्गातला कार्बन असाच असतो: शंभरात सुमारे ९९ हलके, एक जड. वनस्पती हवेतून कार्बन घेताना हलका मणी पसंत करतात. कोळसा आणि खनिज तेल हे पुरातन वनस्पतींचे आणि सूक्ष्मजीवांचे अवशेष, त्यामुळे त्यांत हलका कार्बन जास्त. ते जाळलं की हवेतल्या कार्बनचं सरासरी वजन घटतं, समुद्रातल्याही घटतं, आणि तिथे जे जीव कवचं बांधतात त्यांच्या कवचांत ते नोंदवलं जातं. आपण आतापर्यंत जवळपास ५०० अब्ज टन कार्बन जाळून हवेत सोडला आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख रेणूंमागे २८० होता, तो ४२० च्या वर गेला. ही वजनातली घट आज मोजता येते आणि उद्याच्या खडकातही येईल.

बाकीच्या खुणा थोडक्यात सांगतो. कारखान्यात बनवलेल्या खतांमुळे नायट्रोजनच्या समस्थानिकांचं प्रमाण बदलतं. खाणींमुळे आणि धुरामुळे शिसं आणि इतर धातू गाळात वाढतात. प्लास्टिकचे बारीक कण खोल समुद्राच्या गाळापर्यंत पोचलेच आहेत. शेती आणि जहाजं यांच्यामुळे एका खंडातल्या वनस्पतींचे परागकण आणि प्राण्यांची हाडं एकदम सगळ्या खंडांत दिसू लागतात. अणुस्फोटांमधून प्लुटोनियमची काही रूपं पसरतात. त्यांतल्या प्लुटोनियम-२४४ चं निम्मं प्रमाण उरायला सुमारे आठ कोटी वर्षं लागतात, म्हणजे ती खूण फार दूरवर पोचते.

पण एक अडचण मला फार बोलकी वाटते. खोल समुद्रात हजार वर्षांत गाळ साचतो एखाद-दोन सेंटिमीटर. तीनशे वर्षांच्या वाट्याला येतात काही मिलिमीटर. आणि समुद्रतळावरचे किडे, शिंपले आणि इतर जीव वरचा आठ-दहा सेंटिमीटर गाळ कायम उकरत असतात. म्हणजे थर घट्ट होण्याआधीच पाच-सात हजार वर्षांची पानं एकमेकांत कालवली जातात. अशनीसारखी जबरदस्त खूण त्यातूनही उठून दिसते, बारीकसारीक खुणा पुसट होतात. आपल्या बाबतीत एक गोष्ट जमेची आहे, किंवा चिंतेची म्हणा: कारखाने थांबले तरी हवेत सोडलेल्या कार्बनचा परिणाम हजारो वर्षं, त्याची शेपटी तर लाखभर वर्षं राहते. संस्कृती अर्ध्या अक्षराची असली तरी तिचा डाग दोन-तीन ओळींवर पसरतो.

## पाच कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा ताप

असा डाग पुस्तकात आधीपासून आहे का? दिसायला तसाच एक आहे, आणि सगळी चर्चा त्याच्यापाशीच येऊन थांबते.

सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी, पॅलिओसीन आणि इओसीन या दोन कालखंडांच्या सीमेवर, पृथ्वीचं तापमान ५ ते ८ अंशांनी वाढलं. याला शास्त्रज्ञ थोडक्यात पीईटीएम म्हणतात. अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या लांब दांड्यात १९९१ साली हा काळ पहिल्यांदा नीट वाचला गेला. कार्बन एकाएकी हलका झालेला. समुद्राचं पाणी आम्लधर्मी होऊन तळावरची चुन्याची कवचं विरघळलेली. फिकट पांढऱ्या गाळाच्या मधोमध काही ठिकाणी लालसर चिकणमातीचा पट्टा उरलेला, कारण पांढरं असं जे होतं तेच विरघळून गेलं. खोल समुद्रातल्या कवचधारी एकपेशीय जीवांच्या तीस ते पन्नास टक्के जाती तेव्हा संपल्या.

हलका कार्बन, तापलेली हवा, आम्ल समुद्र. हे तर आपलंच वर्णन. मग तो कुणाच्या चिमण्यांचा धूर होता का?

नाही असं मानायला तीन कारणं आहेत, आणि ती मला पुरेशी वाटतात. पहिलं वेगाचं. २०१६ साली झालेल्या एका अभ्यासानुसार तेव्हा कार्बन कमीत कमी चार हजार वर्षं, दरवर्षी साधारण एक अब्ज टन या वेगाने बाहेर पडत होता. आपण दरवर्षी सुमारे दहा अब्ज टन सोडतो. दुसरं, त्याच सुमारास उत्तर अटलांटिक महासागर उघडत होता आणि तिथे ज्वालामुखींचं प्रचंड थैमान चालू होतं, त्याचा लाव्हा आजही जागेवर आहे. तापलेल्या गाळातून मिथेन सुटण्याचीही सोय होती. कारण समोर हजर असताना दुसरा गुन्हेगार कल्पायची गरज पडत नाही. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. कार्बनची खूण आहे, पण तिच्याबरोबर यायला हवेत ते बाकीचे सोबती नाहीत. विचित्र धातूंची एकदम वाढ नाही, निसर्गात न बनणारी रसायनं नाहीत, सगळ्या खंडांवर एकाच जातीच्या पाळीव प्राण्यांची हाडं नाहीत. एखादी खूण निसर्गही करू शकतो. दहा खुणा एकाच थरात, एकाच वेळी, एकत्र येणं त्याला फार अवघड आहे.

## कुणीही न बांधलेली अणुभट्टी

खडकांची स्मरणशक्ती किती तल्लख असू शकते, आणि विचित्र खूण दिसली की लगेच 'कुणीतरी केलं' म्हणणं किती घाईचं ठरतं, हे एकाच उदाहरणात दिसतं.

१९७२ साली फ्रान्समधल्या पिएरलात इथल्या अणुइंधन प्रकल्पात तंत्रज्ञ युरेनियमचे नमुने तपासत होते. युरेनियम-२३५ या समस्थानिकाचं प्रमाण सगळीकडे ०.७२०२ टक्के असतं. पृथ्वीवर, चंद्रावर, अशनींमध्येही. एका नमुन्यात ते ०.७१७१ भरलं. फरक तिसऱ्या दशांशस्थळी. कुणीही दुर्लक्ष केलं असतं, पण अणुबाँबच्या इंधनाचा हिशेब असल्याने ते चालणार नव्हतं. माग काढता काढता ते आफ्रिकेतल्या गॅबॉन देशाच्या ओक्लो खाणीपर्यंत पोचले. तिथल्या खडकात युरेनियम-२३५ आणखी कमी, आणि त्याच्या जोडीला अणुविखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून, उरणारी मूलद्रव्यं. म्हणजे तिथे कधीकाळी अणुभट्टी चालली होती.

कोणाची? कोणाचीच नाही. सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी युरेनियम-२३५ चं नैसर्गिक प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं, आजच्या अनेक अणुभट्ट्यांच्या इंधनाइतकं. खडकाच्या फटींत भूजल शिरलं की विखंडन सुरू व्हायचं, उष्णतेने पाणी उकळून गेलं की थांबायचं, थंड झालं की पुन्हा पाणी शिरायचं. खडकात अडकलेल्या वायूंवरून काढलेला हिशेब सांगतो, की साधारण अर्धा तास चालू, अडीच तास बंद असं हे चक्र होतं. असं घडू शकतं हे पॉल कुरोडा या रसायनशास्त्रज्ञाने १९५६ सालीच गणित करून सांगितलं होतं.

तेव्हा ओक्लोच्या भट्टीला कुणी कारागीर लागला नाही. आणि ज्या खडकाने दोन हजार पानांपूर्वीचं अर्ध्या तासाचं चक्र जपलं, तो योग्य जागी असेल तर बरंच काही सांगू शकतो.

## 'बारा हजार वर्षांपूर्वी एक महान संस्कृती बुडाली म्हणतात, ती?'

हा दावा सर्वांत लोकप्रिय आहे, आणि तपासायला सर्वांत सोपा. बारा हजार वर्षं म्हणजे पुस्तकातलं एक अक्षर मागे नाही. बावीस अक्षरं मागे, पण त्याच शेवटच्या ओळीत. तिथलं अजून काही पुसलं गेलेलं नाही.

ध्रुवीय बर्फात दरवर्षी हिमाचा थर बसतो आणि त्यात त्या वर्षीची धूळ आणि हवा कैद होते. ग्रीनलंडच्या बर्फात रोमन साम्राज्याच्या काळातलं शिसं सापडलं आहे. स्पेनसारख्या दूरच्या प्रांतात चांदीसाठी खनिज वितळवलं जायचं, त्याचा धूर तिथवर गेला. २०१८ च्या एका अभ्यासात तर हे शिसं वर्षागणिक मोजलं गेलं, आणि इसवी सन १६५ च्या सुमारास साम्राज्यात महामारी आली तेव्हा शिशाचं प्रमाण खाली आलेलं स्पष्ट दिसलं. दोन हजार वर्षांपूर्वीची साथ, आणि तिच्यामुळे थंडावलेल्या भट्ट्या, हजारो किलोमीटर दूरच्या बर्फात दिसतात!

अंटार्क्टिकाच्या बर्फातली नोंद आठ लाख वर्षं मागे जाते, आणि २०२५ च्या सुरुवातीला तिथे सुमारे १२ लाख वर्षं जुना बर्फ काढण्यात आल्याचं जाहीर झालं. रोमच्या भट्ट्या लपल्या नाहीत, तर त्याहून प्रगत संस्कृतीचा जगभर पसरलेला धूर या बर्फातून कसा निसटेल? तुर्कस्तानातलं गोबेक्ली टेपे हे पुरातन स्थळ सुमारे साडेअकरा हजार वर्षं जुनं आहे आणि त्याचे कोरीव दगडी खांब पाहून थक्क व्हायला होतं. पण ते उभारणाऱ्यांची दगडी हत्यारं आणि त्यांनी शिकार केलेल्या रानटी प्राण्यांची हाडं तिथेच सापडली आहेत. ती माणसंच होती, आणि विलक्षण माणसं होती. त्यांचं श्रेय काढून कुणा हरवलेल्या गुरूंना देणं मला अन्यायाचं वाटतं.

## 'मग खडकात सापडलेल्या वस्तूंचं काय?'

१९६१ साली कॅलिफोर्नियात काही हौशी दगडसंग्राहकांनी एक गोळा कापला. आत पांढऱ्या चिनीमातीचं नळकांडं आणि त्याच्या मधोमध धातूची काडी. गोळा पाच लाख वर्षं जुना असल्याचं सांगितलं गेलं आणि वस्तू जगभर गाजली. पुढे क्ष-किरण चित्रं जुन्या स्पार्क प्लगांच्या जाणकारांना दाखवली गेली. त्यांनी ओळखलं: १९२० च्या दशकातला मोटारीच्या इंजिनाचा स्पार्क प्लग. लोखंड गंजताना भोवतीची माती धरून ठेवतं आणि काही दशकांतच दगडासारखा कडक गोळा बनतो.

समुद्रातल्या 'रस्त्यां'चं तसंच. बहामा बेटांजवळची बिमिनीची फरशी किनाऱ्यावरच्या वाळूचा खडक होऊन आणि त्याला सरळ भेगा पडून झाली आहे. जपानजवळ योनागुनीच्या पाण्याखालच्या 'पायऱ्या' थरांच्या वालुकाश्माच्या आहेत. तो काटकोनात तुटतो. काटकोन दिसला की माणूस आठवतो, ही आपल्या डोळ्यांची सवय.

## 'कारखाना काही एकदम उभा राहत नाही'

हा आक्षेप उलट बाजूने आहे, आणि सायल्युरियन गृहीतकाच्या विरोधात मला हाच सर्वांत वजनदार वाटतो. वाफेच्या इंजिनापर्यंत पोचायच्या आधी आपल्या पूर्वजांनी किती काळ दगड फोडले? केनियात तुर्काना सरोवराजवळ सापडलेली दगडी हत्यारं ३३ लाख वर्षं जुनी आहेत. तीन पानं भरून हत्यारं! आणि दगडी हत्यार हाडासारखं कुजत नाही. त्याला लागलेल्या ठोक्यांच्या खुणा ओळखू येतात, आणि एकेक कारागीर आयुष्यात अशी शेकडो बनवून टाकून देतो.

दुसऱ्या कुठल्या जातीनेही उद्योगांपर्यंत मजल मारली असेल, तर तिलाही अशीच लांबलचक शाळा लागली असेल. औद्योगिक काळ अर्धं अक्षर, पण त्याआधीची शाळा अनेक पानांची. ती निसटणं फार कठीण. डायनोसॉरच्या काळातल्या नदीकाठच्या गाळात अंडी सापडली, पावलांचे ठसे सापडले, विष्ठाही सापडली. घडवलेला दगड एकही नाही. खाणींबाबतही तेच. खोल बोगदे झिजेपासून सुरक्षित असतात, ते चिखलाने भरून कोट्यवधी वर्षं राहू शकतात. तीस कोटी वर्षांपूर्वीचे कोळशाचे थर आपण जगभर उपसले, पण आपल्या आधी कुणी पोखरलेला बोगदा कुठल्याही खाणीत निघाला नाही.

## 'आणि ते आपल्याहून शहाणे असतील तर?'

म्हणजे इंधन न जाळता, कचरा न करता जगणारे. इथे गृहीतकाची खरी गोची आहे. संस्कृती जितकी बेताने जगेल तितकी ती जास्त टिकेल आणि तितकीच कमी खूण ठेवेल. जी उधळेल ती लवकर संपेल, पण ठळक दिसेल. म्हणजे आपल्या पद्धतीने फक्त उधळे सापडतात.

श्मिट आणि फ्रँक यांनी यातच एक विचित्र शक्यता बोलून दाखवली आहे. हवा तापली आणि खतं वाहून गेली की समुद्रातला ऑक्सिजन कमी होतो. अशा समुद्राच्या तळाशी मेलेले जीव न कुजता साचतात, आणि कोट्यवधी वर्षांनी त्यांचं खनिज तेल होऊ शकतं. एका संस्कृतीची चूक पुढच्या संस्कृतीचं इंधन. याला पुरावा नाही, पण हे वाचल्यापासून तेलाकडे पाहताना मला ते आठवतंच.

माझं मत विचाराल, तर 'पुरावा नाही' या शब्दांचं वजन प्रत्येक पानावर वेगळं आहे. शेवटच्या पानावर ते पोलादासारखं आहे: तिथे कुणी नव्हतं. त्याआधीच्या काही पानांवरही जवळजवळ तसंच. जसजसे आपण चारशेव्या पानाकडे मागे जाऊ तसतसं ते हलकं होत जातं. तिथे 'नव्हतं' म्हणण्याऐवजी 'असल्याचं काहीही चिन्ह नाही' एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

## पृथ्वीबाहेर

पृथ्वी पुसते, तर न पुसणाऱ्या जागी पाहावं. चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही, सरकणारे भूपट्ट नाहीत. तिथे उतरलेल्या सहा अपोलो मोहिमांच्या पावलांचे ठसे लाखो वर्षं राहतील. पेन स्टेट विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ जेसन राइट यांनी म्हणूनच सुचवलं आहे, की सौरमालेत जुन्या संस्कृतीच्या खुणा शोधायच्या तर चंद्र, मंगळ आणि लघुग्रह यांच्यावर नजर ठेवायला हवी. आतापर्यंत तिथे आपल्या सामानाशिवाय काही दिसलेलं नाही.

आपल्या सामानातली एक वस्तू मात्र मुद्दाम या प्रश्नासाठीच बनवल्यासारखी आहे. १९७६ साली नासाने लेजिऑस नावाचा उपग्रह सोडला. साठ सेंटिमीटर व्यासाचा, आरशांनी मढवलेला जड गोळा. आत यंत्र नाही की बॅटरी नाही. खंड किती सरकतात हे त्याच्यावर लेसर मारून मोजतात. तो सुमारे ५,९०० किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि साधारण ८४ लाख वर्षांनी खाली येईल असा अंदाज आहे. त्याच्या आत खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी आखलेला धातूचा एक पत्रा आहे. त्यावर पृथ्वीचे तीन नकाशे कोरले आहेत. पहिला सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा, सगळे खंड एकमेकांना चिकटलेले. दुसरा, उपग्रह सोडला तेव्हाचा. तिसऱ्यात खंड आणखी थोडे सरकलेले आहेत. तो नकाशा हा गोळा खाली पडेल त्या काळातल्या पृथ्वीचा आहे.